लाल टोपीच्या सिरिंज आणि 380 चा आकडा

पत्राचा सारांश: घरात 11 वर्षांचा बोका आहे. नसबंदी झालेला, वजन 6.4 किलो. पाणी फार पितो आणि खाऊनही वजन उतरतंय यावरून पाच आठवड्यांपूर्वी मधुमेहाचं निदान झालं. डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिन, म्हणजे मिलीला 100 युनिटवालं, दर बारा तासांनी 1 युनिट द्यायला सांगितलंय. घरी माणसांच्या ग्लुकोमीटरवर साखर बघण्याची खटपट चालू आहे. पण मीटरची पिशवी दिसली की बोका पलंगाखाली जातो, त्याला ओढून काढावं लागतं आणि कानाला चार-पाचदा टोचावं लागतं. इंजेक्शनआधीचे आकडे 340 ते 400 च्या घरात, कालचा 380. मधल्या वेळेत कधी तपासलेलं नाही. दहा दिवसांपूर्वी नेहमीच्या सिरिंज संपल्या म्हणून 'लाल टोपीच्या' आणल्या. गेल्या आठवड्यात दोनदा दुपारी बोका सुस्त झाला, मागच्या पायांत ढिला वाटला, मग अधाशासारखा खाल्ला. टोचाटोचीने दमला असेल असं घरच्यांना वाटलं. साखर उतरेल या भीतीने कोरड्या खाण्याची वाटी दिवसभर भरलेली असते. निदानाच्या महिनाभर आधी खाजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. प्रश्न असे: डोस 2 युनिट करावा का? घरची तपासणी बंद करून महिन्यातून एकदा दवाखान्यात बघितलं तर चालेल का? गोळ्या नाहीत का? आणि घरातले म्हणतात, एवढा छळ करण्यापेक्षा... पुढचं वाक्य पत्रात अर्धंच सोडलंय.

उत्तर:

डोस वाढवायचा की नाही ते नंतर बघू. आधी ती लाल टोपीची सिरिंज हातात घ्या आणि नळीवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. यू-40 (मिलीला 40 युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची) की यू-100 (मिलीला 100 युनिटवाल्यासाठीची)? लाल टोपी बहुतेक वेळा यू-40 ची असते आणि नारिंगी यू-100 ची. पण रंगावर विसंबू नका, छापलेलं वाचा.

तिथे यू-40 असेल तर गेले दहा दिवस तुमच्या बोक्याच्या अंगात 1 च्या जागी अडीच युनिट जातंय. यू-40 सिरिंजवरची 1 ची खूण म्हणजे 0.025 मिली. तुमच्या इन्सुलिनच्या एका मिलीत 100 युनिट आहेत, म्हणजे 0.025 मिलीत 2.5. तेही दिवसातून दोनदा. आणि तुमच्या मनात आहे तसं 2 च्या खुणेपर्यंत भरलं, तर एका वेळी 5 युनिट जातील. एवढा डोस मांजराच्या जिवावर बेतू शकतो. उलटी चूकही होते: मिलीला 40 युनिटवालं प्राण्यांचं इन्सुलिन यू-100 सिरिंजने भरलं तर 1 च्या खुणेला जेमतेम 0.4 युनिट जातं आणि 'औषध लागूच पडत नाही' म्हणत डोस चढत राहतो.

सिरिंजचा उल्लेख तुमच्या पत्रात जाता जाता आलाय, पण त्या दोन दुपारी तिच्याशी जोडून बघा. दोन्ही सिरिंज बदलल्यानंतरच्या आहेत. मांजरात ग्लार्जिनचा जोर साधारण चौथ्या ते आठव्या तासाच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. सकाळचं इंजेक्शन धरलं तर ती वेळ दुपारचीच येते. सुस्ती, पायांत लटपट, नंतर खाण्यावर तुटून पडणं ही साखर उतरल्याची ओळखीची लक्षणं आहेत. मधुमेही मांजरांचे मागचे पाय नसांच्या त्रासानेही ढिले पडतात आणि मांजर टाच टेकवून चालतं, हे खरं. पण तो ढिलेपणा सकाळ-संध्याकाळ, आज-उद्या सारखाच असतो. दोन-तीन तासांत येऊन गेलेला झटका नसांचा नसतो.

तेव्हा पुढचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि हे तिन्ही सांगा: सिरिंज कोणती, किती दिवस, कुठल्या दुपारी काय दिसलं. फोन लागेपर्यंतचं इंजेक्शन चुकलं तर चुकू द्या. खातंपितं, उलट्या न करणारं मांजर एका डोसवाचून राहिलं तर त्याची साखर तेवढा वेळ चढेल, बाकी फारसं काही बिघडत नाही. जास्त गेलेलं इन्सुलिन मात्र परत काढता येत नाही. 'अडीचने भागून' यू-40 सिरिंजमध्येच खुणेच्या खाली अंदाजाने भरण्याचा खटाटोप नको. 0.4 ची रेघ त्या नळीवर नसतेच. यू-100 ची, 0.3 मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज आणा आणि उरलेल्या लाल टोपीच्या घराबाहेर काढा. ड्रॉवरमध्ये राहिल्या की घाईच्या दिवशी त्याच हाताला लागतात.

आता तो 380.

इंजेक्शनच्या आधीचा आकडा हा साधारणपणे त्या बारा तासांतला सर्वांत चढा आकडा असतो, कारण मागच्या डोसचा जोर तेव्हा ओसरत आलेला असतो. त्या आकड्याचं काम एकच: आत्ता इन्सुलिन देणं सुरक्षित आहे का, एवढं सांगणं. डोस पुरतो की नाही हे ठरतं मधल्या सर्वांत खालच्या आकड्यावरून, आणि तोच तुमच्याकडे नाही. सकाळी 380, दुपारी 55 आणि रात्री पुन्हा 370 असा दिवस अगदी शक्य आहे. साखर फार खाली गेली की शरीर यकृतातली साखर रक्तात ओततं आणि पुढचा आकडा चढाच दिसतो. फक्त टोकाचे दोन आकडे बघून डोस वाढवला की मधला खड्डा आणखी खोल होतो.

दुसरं म्हणजे हा 380 कसा मिळाला? पलंगाखालून ओढून, धरून, चार-पाचदा टोचून. घाबरलेल्या, झटापट केलेल्या मांजराची साखर निव्वळ ताणानेही खूप चढते. निरोगी मांजरातही ती दवाखान्याच्या टेबलावर 300 च्या आसपास गेलेली दिसू शकते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. महिन्यातून एकदा, पिंजऱ्यातून नेऊन, अनोळखी हातांनी घेतलेला एक आकडा घरच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. दवाखान्यात फ्रुक्टोसामाइन ही तपासणी होते. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते आणि ताणाने फसत नाही, म्हणून अधूनमधून जरूर करावी. पण सरासरीत दुपारचा खड्डा दिसत नाही आणि आज रात्रीचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे ती सांगू शकत नाही.

म्हणजे तपासणी हवीच. ती छळ न होता कशी करायची, एवढाच प्रश्न उरतो. कानाच्या कडेला वेदना जाणवणारे मज्जातंतू फार नसतात. बहुतेक मांजरं टोचण्याला नाही, धरण्याला घाबरतात. तुमचा बोकाही सुई बघून पळत नाही, पिशवी बघून पळतो. त्याच्या लेखी पिशवी म्हणजे पलंगाखालून ओढलं जाणं.

ती पिशवी बदला, जागा बदला. घरात एक जागा ठरवा, त्याला मुळात आवडणारी, तुमच्या कमरेच्या उंचीची असेल तर बरं. दोन-तीन दिवस तिथे फक्त बसवायचं, कान चोळायचा, आवडीचा तुकडा द्यायचा आणि सोडायचं. मग कानामागे कापूस धरून बघायचा आणि पुन्हा तुकडा. टोचण्याच्या यंत्राचा 'टक्' आवाज त्याला दचकवत असेल तर तो आवाज दुरून ऐकवून तुकडा द्या, किंवा यंत्र बाजूला ठेवून लँसेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, हातानेच वापरा. बक्षीस प्रत्येक वेळी, थेंब मिळो न मिळो. आणि दोन प्रयत्नांत रक्त नाही आलं तर त्या वेळेपुरतं थांबायचं. पाचव्यांदा टोचून मिळालेला आकडा तसाही ताणाने चढलेला असतो, शिवाय उद्याची तपासणी तो अवघड करतो.

प्रत्यक्ष टोचताना कान गरम असणं ही अर्धी लढाई. गार कानातून थेंब येत नाही. नवख्यांचे बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. छोटा रुमाल गरम पाण्यात पिळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, स्वतःच्या मनगटावर लावून बघा आणि मग अर्धा मिनिट कानाला धरा. ओला रुमाल थेट लावू नका, ओल्या केसांत रक्त पातळ होऊन आकडा चुकतो. स्पिरिटही नको. ते झोंबतं आणि थेंब पसरवतं. कान उजेडाकडे धरला की कडेला समांतर जाणारी शीर दिसते. टोचायचं शिरेत नाही. शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचायचं, तिथे बारीक केशवाहिन्यांचं जाळं असतं. कानामागे घडी केलेला कापूस धरा, म्हणजे कान वाकत नाही आणि सुई आरपार तुमच्या बोटात जात नाही. सुरुवातीला थोड्या जाड सुईचं, 26 किंवा 28 गेजचं लँसेट घ्या. माणसांसाठी मिळणारी 33 गेजची सुई नाजूक वाटते, पण तिने थेंबच येत नाही आणि पुन्हा टोचावं लागतं. काही आठवड्यांनी त्या कडेला केशवाहिन्या वाढतात आणि काम सोपं होतं. टोचण्याआधी व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवला की रक्त केसांत न पसरता गोल थेंब धरतं.

थेंब मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान पुरतो. पट्टी आधीच मीटरमध्ये घालून ठेवा आणि तिचं टोक थेंबाला कडेने टेकवा, ती स्वतः ओढून घेते. वरून दाबू नका, आणि अर्धवट भरलेल्या पट्टीला दुसरा थेंब पाजू नका. नंतर कापसाने वीसेक सेकंद दाबून धरा, नाहीतर कान काळानिळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच दुखतो. कान रोज आलटूनपालटून. कान हाताळूच देत नसेल तर पंजाची मोठी गादी हा दुसरा पर्याय, कडेला टोचायचं, मध्यावर नाही. तुमच्या बोटांना खाऊचा किंवा मधाचा अंश असेल तर आकडा खोटा चढा येतो, म्हणून हात धुऊन पुसून घ्या.

मीटरबद्दल. माणसांचं मीटर चालतं, पण ते मांजराची साखर बहुधा खरीपेक्षा कमी दाखवतं. माणसाच्या रक्तात सुमारे 58 टक्के साखर प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) आणि 42 टक्के लाल पेशींत असते. मांजरात प्लाझ्मात सुमारे 93 टक्के आणि पेशींत जेमतेम 7. मीटरचं गणित माणसाच्या वाटणीवर बसवलेलं असतं, म्हणून ते चुकतं. किती कमी दाखवेल ते ठरलेलं नसतं, त्यामुळे '40 मिळवा' असले ठोकताळे कामाचे नाहीत. प्राण्यांसाठीचं मीटर असेल तर त्यावर मांजराचा कोड टाकलाय ना ते बघा, कुत्र्याचा कोड राहिला की सगळी वही चुकते. कुठलंही वापरा, पण एकच वापरा, आणि ते कोणतं हे डॉक्टरांना माहीत हवं. दोन मीटरचे आकडे एका वहीत मिसळले की त्या वहीचा उपयोग संपला. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, मुदत बघा. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी काहीही दाखवते. मीटर 5 किंवा 20 असे लहान आकडे दाखवत असेल तर ते दुसऱ्या एककात (मिलिमोल प्रति लिटर) आहे. 18 ने गुणलं की आपला आकडा मिळतो. इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे आहेत.

किती वेळा बघायचं? रोज प्रत्येक इंजेक्शनच्या आधी एकदा. शिवाय सध्या दिवसातून एकदा मधल्या वेळेत, पाचव्या-सहाव्या तासाला. दिवसा घरी कोणी नसेल तर रात्री झोपण्याआधी बघा, संध्याकाळच्या डोसचा तो मध्य येतो. डोसमध्ये बदल करायचा असेल तेव्हा डॉक्टर पूर्ण आलेख मागतील: इंजेक्शनआधी आणि नंतर बारा तास दर दोन तासांनी. खाणं नेहमीचं, वेळा नेहमीच्या. सुट्टीचा एक दिवस त्यात जातो, पण हे रोजचं काम नाही. खालचा आकडा 80 ते 150 च्या मध्ये यावा आणि इंजेक्शनआधीचा 300 च्या खाली राहावा हे साधारण उद्दिष्ट. खालचा आकडा 80 च्या खाली गेला तर डोस कमी करायचा, तोही पुढच्याच वेळेपासून, डॉक्टरांशी बोलून. वाढवायची घाई मात्र कधीच नको. ग्लार्जिनचा साठा कातडीखाली बसायला काही दिवस लागतात. आज वाढवलेल्या डोसचा खरा परिणाम पाच-सात दिवसांनी दिसतो. बदल अर्ध्या युनिटचा, त्याहून मोठा नाही.

इंजेक्शनआधीचा आकडा 200 च्या खाली दिसला तर सुरुवातीच्या या काळात नेहमीचा डोस देऊ नका. खायला न देता वीस-तीस मिनिटांनी पुन्हा बघा आणि फोन करा. पुढे तुमच्या बोक्याच्या वहीवरून ही रेघ डॉक्टर बदलतील.

साखर उतरली तर काय करायचं ते आत्ताच ठरवून, कागदावर लिहून मीटरशेजारी चिकटवा, कारण त्या क्षणी काही सुचत नाही. माणसांच्या मीटरवर 50 च्या खाली, प्राण्यांच्या मीटरवर 65 च्या खाली आकडा आला की मांजर ठणठणीत दिसलं तरी तो उतार समजा. शुद्धीवर असेल, गिळत असेल तर लगेच खायला द्या. अशा वेळी कोरडं, पिठूळ खाणंच उपयोगी. सोबत चमचाभर मध किंवा साखरेचा पाक. साखरविरहित सरबत कुचकामी. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासा, त्याआधी कान आणि बोटं पुसा, नाहीतर मधच मोजाल. आकडा वर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. इन्सुलिन अजून काम करतंय, दर अर्ध्या-एक तासाने बघत राहा. मांजर झटके देत असेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. मध बोटाने हिरड्यांना चोळा, दातांपासून बोट जपा आणि तसेच दवाखान्यात निघा. लक्षणं उताराची आहेत, पण मीटर सापडत नाही किंवा थेंब येत नाही? मध द्या. साखर तासभर चढली तर नुकसान नाही.

एक इशारा उलट्या बाजूचाही. साखर चढी आहे, बोका खात नाही, उलट्या करतोय, मलूल आहे, असं असेल तर लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन अपुरं पडून चरबी जळते तेव्हा तयार होणारी घातक द्रव्यं, बघायचे. त्याच्या पट्ट्या मिळतात. लिटर ट्रेमध्ये मागून हळूच पळी सरकवली की बरीच मांजरं हरकत घेत नाहीत. कीटोन दिसले तर सकाळची वाट बघायची नाही. पट्टीवरची साखर मात्र डोस ठरवायला निरुपयोगी, ती मूत्राशयात साठलेल्या कित्येक तासांची असते.

इंजेक्शनच्या हातोटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 1 युनिट म्हणजे 0.01 मिली, आणि इतक्या लहान मापात किरकोळ चूक मोठी ठरते. नळीत बुडबुडा राहिला तर तो मांजराला अपाय करत नाही, पण तेवढी जागा इन्सुलिनची खातो. सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरून भरा. मानगुटीपेक्षा छातीच्या किंवा पोटाच्या बगलेला टोचलेलं बरं, तिथून शोषण चांगलं होतं. कातडीचा तंबू उचला, सुईचं तिरकं तोंड वर, साधारण 45 अंशात आत, दाबा, मग काढा. जागा थोडी थोडी बदलत राहा. केस ओले लागले आणि औषधाचा वास आला तर डोस बाहेर सांडला. कितीही वाटलं तरी पुन्हा देऊ नका, किती आत गेलंय ते कळायला मार्ग नसतो. बाटली फ्रिजमध्ये, पण दारात नको आणि मागच्या गोठणाऱ्या भिंतीला टेकून नको. गोठलेलं किंवा गढूळ झालेलं ग्लार्जिन टाकून द्यायचं. ते हलवायचंही नाही. हलवून घ्यायची इन्सुलिनं वेगळी असतात, डबीवरच्या सूचना बघा. बारा तास म्हणजे घड्याळाचा गुलाम होणं नाही. तासभर पुढेमागे चालतं. फार उशीर झाला तर ती वेळ सोडा. दोन डोस एकत्र कधीही नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर आहेत. बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2022 मध्ये मांजरांसाठी मान्यता दिली, वेलाग्लिफ्लोझिन या तोंडाने द्यायच्या द्रवाला ऑगस्ट 2023 मध्ये. जास्तीची साखर ती लघवीवाटे बाहेर टाकतात. पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ही औषधं देऊ नयेत असं त्यांच्या माहितीपत्रकातच आहे. कारण साखरेचा आकडा जवळपास बरा दिसत असताना आत कीटोन साचून मांजर दगावू शकतं. नवं निदान झालेल्या, एरवी धडधाकट मांजराच्या घरच्यांनी डॉक्टरांशी हा पर्याय जरूर बोलावा. तुमच्या बोक्यासाठी तो आता नाही. घरातल्या कुणाच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा तुकडा तर अजिबात नको.

खाण्यात मात्र तुमच्या हातात बरंच आहे. दिवसभर भरून ठेवलेली कोरड्या खाण्याची वाटी साखर उतरू नये म्हणून ठेवलीत, पण कोरड्या खाण्यात पिष्टमय भाग जास्त असतो आणि तीच वाटी आकडे वर धरून ठेवते. कमी कर्बोदकांचं ओलं खाणं, म्हणजे एकूण उष्मांकांपैकी सुमारे 12 टक्क्यांहून कमी कर्बोदकांतून येतील असं, मधुमेही मांजराला मानवतं. दिवसातून तीन-चार लहान वाढण्या झाल्या तरी ग्लार्जिनवर चालतं. पण हा बदल या आठवड्यात करू नका. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज काही दिवसांतच, कधी एकदम, खाली येते. आधी बरोबर सिरिंजने 1 युनिटवर आठवडाभर आकडे बसू द्या, मग डॉक्टरांशी डोसचं ठरवून सावकाश बदला, आणि त्या दिवसांत मधली तपासणी चुकवू नका. 6.4 किलोचं वजन जास्त असेल तर आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरवणं पुरे. मांजराला उपाशी ठेवणं यकृतासाठी घातक असतं.

राहिलं ते अर्धं वाक्य. दयामरणाचा विचार मनात येणं गुन्हा नाही, आणि कधी कधी तो बरोबरही असतो. पण तुमच्या घरात तो ज्या पाच आठवड्यांवरून आलाय, त्यातले शेवटचे दहा दिवस बहुधा चुकीच्या सिरिंजचे आहेत आणि बाकीचे पलंगाखालच्या ओढाताणीचे. यावरून या आजाराचा अंदाज बांधू नका. महिनाभराने घरच्यांसोबत बसून बघा: तो स्वतःला चाटतो का, उडी मारतो का, नेहमीच्या जागी येऊन बसतो का, पाणी किती पितो. पाणी मोजता येतं. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर म्हणजे नक्की जास्त, तुमच्या बोक्यासाठी 640. हे आणि दर आठवड्याचं वजन वहीत साखरेशेजारी लिहा. नियंत्रण जमतंय की नाही हे त्यावरून साखरेच्या आकड्याइतकंच कळतं. कानाला टोचणं खरंच अशक्य झालं तर डॉक्टर कातडीवर चिकटवायचा सेन्सर लावू शकतात. तो साधारण दोन आठवडे चालतो, मांजरं बऱ्याचदा आधीच उचकटतात, आणि रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. त्यावर फार खालचा आकडा दिसला तर एकदा रक्त तपासून खात्री करावी. पण दोन आठवडे कानाला विश्रांती देऊन दिवसाचा पूर्ण चढउतार बघायला तो उत्तम.

आणि स्टेरॉइड. लांब मुदतीच्या स्टेरॉइड इंजेक्शनचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो, आणि आधीच जड असलेल्या, नसबंदी झालेल्या बोक्याला मधुमेहात ढकलायला तो पुरेसा असतो. डॉक्टरांना त्या इंजेक्शनची तारीख सांगितली आहे का? कारण तो परिणाम ओसरतोय तशी इन्सुलिनची गरजही कमी होत जाईल. म्हणजे आज बरोबर असलेला 1 युनिटसुद्धा पुढच्या काही आठवड्यांत जास्त ठरू शकतो. मधल्या आकड्यांवर नजर ठेवायचं हे आणखी एक कारण. चांगली बाजू अशी की पहिल्या काही महिन्यांत नियंत्रण नीट बसलं, खाणं बदललं आणि स्टेरॉइड थांबलं, तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन सुटतं. मधला आकडा सतत 80 ते 150 मध्ये आणि इंजेक्शनआधीचाही 200 च्या आत राहू लागला की डॉक्टर डोस अर्ध्या युनिटवर आणतात, मग दिवसातून एकदा, मग बंद. स्वतःहून एकदम बंद करायचं नाही. बंद झाल्यावरही सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर महिन्याला एकदा कानाचा थेंब बघत राहायचा, आणि खाणं तेच ठेवायचं.

उलट, काही महिन्यांनीही डोस चढतच राहिला आणि आकडे हलेनात, तर इन्सुलिनला दोष देण्याआधी दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज तपासून घ्या. वाढीच्या संप्रेरकाचा विकारही असू शकतो, त्यासाठी आयजीएफ-1 ही रक्ततपासणी आहे. ब्रिटनमधल्या 2015 च्या एका मोठ्या पाहणीत साधारण दर चार मधुमेही मांजरांमागे एकात हा विकार असावा असा अंदाज निघाला होता. खाज परत आली तर तिच्यावर स्टेरॉइडशिवाय काय देता येईल ते आधीच विचारून ठेवा, आणि बोक्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: मधुमेह, स्टेरॉइड देऊ नये, सिरिंज फक्त यू-100.